व्हिडिओ निर्मिती व्यवसायातील कामगार भरपाई विमा (पुणे)

चित्रीकरणाच्या कामावर असताना कामगाराला अपघात झाला, तर मालकावर येणारी भरपाईची जबाबदारी उचलणारा विमा. एजंटांच्या आणि ठेकेदारांच्या बोलण्यात तो 'डब्ल्यूसी पॉलिसी' (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) म्हणून ओळखला जातो. १९२३ च्या मूळ कायद्याचे नाव २०१० पासून 'कर्मचारी भरपाई कायदा' झाले, तरी जुने नाव तोंडातून गेलेले नाही. भरपाई देणे मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी विमा घेणे मात्र त्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. या व्यवसायातला बराचसा गोंधळ या फरकातून येतो.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, त्यामुळे या शहराला चित्रीकरण नवे नाही. आज मात्र पुण्यातल्या बहुतेक व्हिडिओ संस्थांची चूल पेटते ती लग्नांवर, कंपन्यांच्या माहितीपटांवर आणि जाहिरातींवर. संस्था म्हणजे दोन-तीन खोल्यांचे ऑफिस, चार-पाच पगारी माणसे आणि कामापुरते बोलावलेले लाईटमन, स्पॉटदादा, असिस्टंट. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात शूट ठरले की तिथला सुरक्षा विभाग गेटपास देण्याआधी डब्ल्यूसी पॉलिसी मागतो. अनेकांनी आयुष्यातली पहिली पॉलिसी या गेटवर अडल्यामुळेच काढलेली असते, तीही शूटच्या आदल्या संध्याकाळी.

हप्ता ठरतो तो वार्षिक वेतनावर, दर हजारी. पूर्वी याचे सरकारमान्य दरपत्रक होते. ते २००७ मध्ये उठले आणि दर कंपनीगणिक बदलू लागले. कामाचे स्वरूप, माणसांची संख्या, मागचे दावे हे सगळे दरात उतरते. खुर्चीवर बसून एडिटिंग करणाऱ्याचा दर कमी, शिडीवर चढणाऱ्याचा जास्त. अमेरिकेतही हिशेब वेतनावरच होतो, पण दर शंभर डॉलरमागे. शिवाय टेक्सससारखा अपवाद सोडला तर तिथे खासगी मालकाला हा विमा सहसा सक्तीचा असतो. त्यामुळे तिकडचे आकडे वाचून इकडचा अंदाज बांधू नये.

हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. यातले दर मानीव आहेत. कर्वे रस्त्यावरच्या एका संस्थेत एडिटर आणि ऑफिसमधली व्यक्ती मिळून महिना ५०,००० रुपये, कॅमेरामन आणि त्याचा असिस्टंट मिळून ४८,००० रुपये. बैठ्या कामाला हजारी २ आणि शूटच्या कामाला हजारी ८ असा दर धरला, तर वर्षाचा हप्ता १,२०० अधिक ४,६०८, म्हणजे ५,८०८ रुपये. पण हीच संस्था महिन्यातले २० दिवस तीन लाईटमन १,२०० रुपये रोजाने बोलावते. ते वेतन वर्षाला ८,६४,००० रुपये होते आणि त्याचा हप्ता ६,९१२ रुपये. सगळे मिळून १२,७२०, वर १८ टक्के जीएसटी. रोजंदारीची माणसे गाळली की हप्ता निम्म्याहून खाली येतो. ती गाळलीही जातात, कारण त्यांची हजेरी कुठल्याच वहीत नसते.

आता दुसरी बाजू. ३० वर्षांचा लाईटमन महिना २४,००० रुपये कमावतो. भरपाईसाठी वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये धरली जाते. मृत्यू झाल्यास या रकमेच्या निम्मे गुणिले वयानुसारचा गुणक. ३० वर्षे वयासाठी तो २०७.९८. म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरून १८,७१,८२०. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला, तर कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे कायद्याचे परिशिष्ट मानते, भरपाई ७,४८,७२८. हॅलोजनचा तापलेला बल्ब रिफ्लेक्टरशी फुटण्याच्या धंद्यात हा आकडा लक्षात ठेवावा. २४,००० कमावणाऱ्याची भरपाई १५,००० वर मोजली जाते, ही या व्यवस्थेतली उघड कमतरता आहे. हप्ता मात्र सहसा पूर्ण वेतनावर आकारतात. प्रवासभत्ता कायद्याच्या व्याख्येनुसार वेतनात येत नाही, म्हणून शिफ्टचे पैसे आणि गाडीभाडे एकाच लिफाफ्यात देण्याची सेटवरची पद्धत हिशेबाला महाग पडते.

'तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे' हे वाक्य अपघातानंतर हमखास ऐकू येते. त्याला फारसा आधार नाही. स्वतःच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेणाऱ्यावरही भरपाईची जबाबदारी येते. नंतर ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. कामापुरत्या बोलावलेल्या माणसाला वगळणारे व्याख्येतले शब्दही २००० च्या दुरुस्तीने काढून टाकले. स्वतःचा कॅमेरा आणून, स्वतःच्या जीएसटी क्रमांकाचे बिल देऊन, आपल्या पद्धतीने काम करणारा छायाचित्रकार स्वतंत्र व्यावसायिक ठरू शकतो. सकाळी सहाला हजर राहा, हा स्टँड तिथे लाव, ती केबल इकडून घे, असे ज्याला सांगितले जाते तो लाईटमन तसा ठरणे अवघड. म्हणून पॉलिसी घेताना ठेकेदाराच्या कामगारांचे कलम जोडून घ्यावे लागते; ते आपोआप येत नाही.

उपचाराचा खर्चही असाच आहे. कामावरच्या दुखापतीवर झालेला प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा, असे २००९ च्या दुरुस्तीने सांगितले. मूळ पॉलिसीत तो बहुधा नसतो. जादा हप्ता भरून, ठरावीक मर्यादेपर्यंत तो घेता येतो. लग्नाच्या लॉनवर अपघात क्वचितच मोठा असतो. जमीन ओली, जनरेटरपासून ओढलेली केबल गवतात, स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाकायची राहिलेली, आणि वरातीतल्या कुणाचा तरी पाय अडकतो. लाईट खाली येतो, तो सावरायला लाईटमन हात घालतो. मनगट मोडते, प्लेट बसते. सहा आठवडे कामाला येता येत नाही. अशा तात्पुरत्या अपंगत्वात मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला देय असते. पण त्या घरात आधी प्रश्न येतो तो हॉस्पिटलच्या बिलाचा, आणि जादा कलम घेतलेले नसेल तर ते बिल मालकाच्या खिशातून जाते.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या संस्थेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचा ०.७५. त्या कर्मचाऱ्याला याच दुखापतीसाठी पुन्हा भरपाई मागता येत नाही, त्यामुळे त्याचे वेतन पॉलिसीत दाखवण्याचे कारण उरत नाही. पुण्यातल्या छोट्या व्हिडिओ संस्था बहुधा दहाच्या खालीच राहतात.

देय झालेली भरपाई महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही होतो. दंड विमा कंपनी भरत नाही. व्याजाचे काय, ते पॉलिसीच्या शब्दांवर ठरते. दारूच्या नशेत झालेल्या दुखापतीला भरपाई नाकारता येते, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास हा बचाव चालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. संहितेने घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचा मानला आहे. पहाटे साडेचारला हडपसरहून दुचाकीवर मुळशीच्या शूटला निघणाऱ्या असिस्टंटच्या बाबतीत हा बदल मोठा आहे. त्याचा कॉलटाइम, म्हणजे शूटवर हजर व्हायची वेळ, लेखी दिलेला नसेल, तर तो संबंध दाखवायला व्हॉट्सअॅपवरचा आदल्या रात्रीचा निरोप तेवढा उरतो.