पार्श्वभूमी : टू-टी ऑइलच्या मापापासून मनमाडच्या इथेनॉलपर्यंत

पेट्रोलात काहीतरी मिसळायचे, ही टू-स्ट्रोकवाल्याला नवी गोष्ट नाही. चेतक, येझदी, राजदूत, लूना, गाडी कुठलीही असो, टाकी भरताना टू-टी ऑइलचे, म्हणजे पेट्रोलातच मिसळायच्या वंगणाचे, माप आलेच. लिटरला २० मिली पुरे असले तरी ‘जरा जास्त टाक, इंजिनाला बरं’ म्हणत ४० पर्यंत जाणारे पुष्कळ. इंजिनाला बरे असेलही. मागून येणाऱ्याचे हाल.

१९९१ साली वाहनांच्या धुराला पहिली मर्यादा आली. १९९६ मध्ये दुचाकीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोमीटरला ३.६ ग्रॅमची मुभा होती. २००० मध्ये ती २ ग्रॅमवर, २००५ मध्ये दीडवर आणि २०१० मध्ये १ ग्रॅमवर आली. टू-स्ट्रोक दुचाकीवर सरसकट बंदी घालावी लागलीच नाही. दार अरुंद होत गेले आणि त्यातून मोपेड सोडून फारसे कोणी निभावले नाही.

दोष इंजिनाच्या श्वासातच आहे. ताजे मिश्रण आत येताना जळका वायू बाहेर ढकलते, पण तेवढा वेळ बाहेरची वाट उघडीच असते. त्यामुळे पाव ते एक तृतीयांश पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. १९९९ पासून कमी धुराचे टू-टी ऑइल आले, १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. निळा धूर विरळ झाला आणि हवा स्वच्छ झाल्यासारखे वाटले. पण निळा धूर ऑइलचा असतो. न जळलेले पेट्रोल डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते.

पेट्रोलात इथेनॉल, म्हणजे मळीपासूनचे अल्कोहोल, मिसळण्याची कल्पना जुनीच. पॉवर अल्कोहोलचा, म्हणजे इंधनात वापरायच्या अल्कोहोलचा, कायदा १९४८ चा. पण इथेनॉल प्रत्यक्ष पंपावर आणण्याची आजची मोहीम सुरू झाली २००१ मध्ये, देशातल्या तीन ठिकाणच्या चाचण्यांनी. त्यांतले एक मिरज, एक उत्तर प्रदेशात आणि एक आपल्या नाशिक जिल्ह्यातले मनमाड. प्रमाण ५ टक्के. ऊस आणि मळी हाताशी असलेल्या जिल्ह्याला हे सोयीचेच होते. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के सक्तीचे झाले, आणि पुढच्याच वर्षी मळीची टंचाई झाल्यावर सक्ती सैल पडली. इंधन कारखान्यातून येवो की शेतातून, शेवटी पाऊसपाणी बघावेच लागते.

मनमाडचे नाव यात दुसऱ्या कारणानेही येते. इंधनात रॉकेल मिसळणाऱ्यांना हटकले म्हणून २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ एका अपर जिल्हाधिकाऱ्याला जिवंत जाळण्यात आले. भेसळीच्या रॉकेलचा धूर टू-स्ट्रोकच्या खात्यावर किती मांडला गेला, हा हिशेब कोणी केलेला नाही.

आता खरा गुंता. ‘मिक्स’ म्हटले की गॅरेजवाल्याच्या डोळ्यांसमोर ऑइल येते, सरकारच्या डोळ्यांसमोर इथेनॉल. टाकीत दोन्ही एकत्र येतात, पण त्यांचे जमतेच असे नाही. इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी पोटात घेते. त्याहून जास्त झाले की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि पेट्रोल वर राहते. ऑइल जाते पेट्रोलाबरोबर. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात चार महिने उभी राहिलेली गाडी काढली, की कार्बोरेटरला पहिल्यांदा तळचा थर मिळतो, म्हणजे जवळजवळ बिनऑइलचा. पिस्टन जाम. चार-स्ट्रोकमध्ये अशा वेळी गाडी नुसती धक्के खाते, कारण तिचे ऑइल वेगळे असते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, बदलला नाही तर इंजिन तापते. कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, हे मात्र खरे.

जून २०२२ मध्ये पेट्रोलातल्या इथेनॉलची देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. लक्ष्य आधी २०३० चे होते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार करून घेतल्या, पण जुन्यांसाठी पंपावर बिनइथेनॉलची वेगळी नळी ठेवली नाही. ती हवी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. शेतकऱ्याचा फायदा, आयातीची बचत, सगळे मान्य. तरी एक नळी ठेवणे अवघड होते, असे वाटत नाही.

एलपीजीचा पर्याय रिक्षांनी धरला. गॅस ऑइल वाहून नेत नाही, त्यामुळे टू-स्ट्रोकला स्वतंत्र ऑइलपंप लागतो. स्वीडनने १९८० च्या दशकाच्या अखेरीस करवती चालवणाऱ्या जंगल कामगारांसाठी अल्किलेट पेट्रोल आणले. त्यात बेंझिन हा पेट्रोलातला विषारी घटक जवळजवळ नसतो आणि ते वर्षानुवर्षे टिकते. आपल्या पंपांवर ते मिळत नाही. द्राक्षबागेतले ब्रश कटर आणि पाठीवरचे फवारणी पंप साध्या पेट्रोलावरच चालतात. जाणता माणूस हंगाम संपला की टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब राहू नये.