वाळवीच्या आतड्यात नक्की कोण राहतं?

कामकरी वाळवी एका चिमट्यात अलगद धरायची, दुसऱ्या चिमट्याने पोटाचं टोक पकडून ओढायचं. अख्खं आतडं बाहेर येतं. मागचा फुगीर भाग मिठाच्या सौम्य पाण्यात फोडून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. घाई एवढ्यासाठी, की तिथले बरेच रहिवासी ऑक्सिजनने मरतात. जेमतेम एक मायक्रोलिटर जागेत केसाळ, अवाढव्य एकपेशीय जीव लोळत असतात आणि त्यांच्यामधून स्क्रूसारखे पिळदार स्पायरोकीट जिवाणू सळसळत जातात.

अमेरिकेत जोसेफ लायडी यांनी १८८१ मध्ये या एकपेशीय जीवांचं वर्णन केलं, पण परोपजीवी म्हणून. त्यांच्याशिवाय अनेक जातींच्या वाळवीला लाकूड पचतच नाही, ती खात राहते आणि उपाशी मरते, हे १९२० च्या दशकात लेम्युएल क्लीव्हलँड यांनी दाखवलं.

जिवाणूंची ओळख पटवणं त्याहून अवघड. नुसत्या आकारावरून जात कळत नाही, आणि बहुतेक जण प्रयोगशाळेत वाढत नाहीत. म्हणून आतड्यातला सगळा डीएनए काढून त्यातलं १६एस हे जनुक वाचतात. प्रत्येक जिवाणूत ते असतं आणि गटागटात थोडं वेगळं असतं. पण अशी यादी म्हणजे ओळख नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. अन्नाबरोबर आलेले वाटसरूही तिच्यात असतात. खरे रहिवासी ओळखण्यासाठी ठरावीक जिवाणूच्याच आरएनएला (डीएनएवरून उतरवलेल्या रेणूला) चिकटणारा चमकता रेणू वापरून त्याचा ठावठिकाणा शोधतात. काही जिवाणू तर थेट एकपेशीय जीवांच्या पेशीत राहतात! २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशाच एकाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, तो न वाढवताच वाचला. त्यात हवेतला नायट्रोजन बांधणारी, म्हणजे तो सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणारी, जनुकं होती. लाकडात नायट्रोजन अगदीच कमी, म्हणजे वाळवीची ती उणीव हा पेशीतला भाडेकरू भरून काढतो.

तरीही जिवाणू वाढवून पाहण्याला तोड नाही. स्पायरोकीट शतकभर दिसत होते. ते काय करतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. १९९९ मध्ये जॅरेड लेडबेटर, जॉन ब्रेझनॅक आणि सहकाऱ्यांनी वाळवीतले स्पायरोकीट वेगळे करून वाढवले, तेव्हा कळलं की ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं एक रूप) बनवतात. वाळवीची बरीचशी ऊर्जा याच ॲसिटेटमधून येते.