रोजगार हमी योजना (रोहयो), व्यवसाय कर आणि वि. स. पागे : पार्श्वभूमी

वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. या काळात त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते, एखादे खातेही नव्हते. तरीही ग्रामीण महाराष्ट्राच्या पोटावर थेट परिणाम करणारा रोजगार हमीचा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पागेच, आणि ते योग्यच आहे. सभापतीच्या हाती फाईल नसते. त्यामुळे पत्रे, टिपणे आणि मुख्यमंत्र्यांच्या मागे लागून राहणे एवढ्याच बळावर त्यांनी हे काम पुढे नेले.

सुरुवात १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाली. प्रयोग साधा होता. गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचे आणि त्या कामातून शेतीला उपयोगी पडेल असे काहीतरी उभे राहायला हवे. पुढे काही निवडक भागांत तो वाढवला गेला आणि १ मे १९७२ रोजी सरकारच्या पंधरा कलमी कार्यक्रमात रोजगार हमी योजना आली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि हमीऐवजी सगळे लक्ष दुष्काळी कामांकडे गेले. मे १९७३ मध्ये या कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग अशी ही कामे होती. डोक्यावर घमेले घेतलेल्या बायांची रांग, मुकादमाचे मस्टर आणि पगाराच्या दिवसाची वाट पाहणे हे ज्या घरांनी भोगले, त्यांना ‘दुष्काळी काम’ म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षाने प्रशासनाला एक गोष्ट शिकवली. तहसीलदार आणि कलेक्टर यांनी मनावर घेतले तर लाखो माणसांना काम देता येते. दुष्काळ ओसरला, पण पागेंचा आग्रह कायम राहिला. काम ही संकटातली मदत नसावी, ते मागणाऱ्याचा हक्क व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते.

खरा वाद पैशावर होता. रोहयोसाठी दरवर्षी अर्थसंकल्पात हात पसरायचा, की तिचा स्वतंत्र निधी ठेवायचा? सरकारने दुसरा मार्ग धरला आणि १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू केला. मोटार वाहन कर, विक्रीकर, बागायती जमीन यांच्यावरचे अधिभारही या निधीत आले आणि या करांच्या जमेइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. म्हणजे शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या मजुरीचा भार उचलायचा. नोकरदार नाराज झाले. दुसऱ्या बाजूने आक्षेप आला की विहिरींना पाणी वाढते ते जमीनवाल्यांच्या, भूमिहीनाला मिळते फक्त मजुरी. हा आक्षेप खोटा नव्हता. तरीही निधी वेगळा ठेवण्याचा निर्णय बरोबर होता, असेच म्हणावे लागेल. तो नसता तर पहिल्या आर्थिक ओढाताणीत योजना गुंडाळली गेली असती. आजही पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. ते कशासाठी सुरू झाले, हे बहुतेकांना ठाऊक नसते. या करातून जमलेला सगळा पैसा रोहयोवर खर्च होत नाही, ही तक्रारही जुनीच आहे.

१९७७ साली कायदा एकमताने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मधल्या काळात राज्यात सत्तांतर झाले आणि पागेही सभापतिपदावरून उतरले होते, पण कायद्याला कोणी हात लावला नाही. कायद्यातल्या तरतुदी अशा होत्या : मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिले तर बेकारी भत्ता, स्त्री-पुरुषांना समान दर आणि ठेकेदाराला मज्जाव. यातला बेकारी भत्ता बहुतांशी कागदावरच राहिला. मजुरांची नोंदच न करणे हा त्यावरचा सरकारी तोडगा होता आणि तो सर्रास वापरला गेला.

१९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झाले, त्याबरोबर रोहयोचा दरही वाढला आणि त्यानंतर कामावरची हजेरी घटली. दर वाढल्यावर कामे आखडती घेतली गेली, असा निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञांनी काढला. १९९० नंतर रोहयोतून फळबाग लागवड आली, खासगी शेतावर आंबा-डाळिंबाची झाडे उभी राहिली आणि योजनेचा रोख मजुराकडून शेतकऱ्याकडे झुकला. पागे मार्च १९९० मध्ये वारले, त्यांनी हे वळण पाहिले नाही.

केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव पाया म्हणून मिळाला. फरक मात्र मोठा होता. राज्याच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती, केंद्राने कुटुंबामागे १०० दिवस ठरवले. शंभराच्या पुढचे दिवस लागले तर त्यांचा खर्च राज्याने करायचा, अशी तरतूद महाराष्ट्राने ठेवली.