तिशीनंतरची तपासणी: पाचव्या रकान्यामागची गोष्ट

सरकारी कार्यक्रमाच्या तक्त्यात तिशी ओलांडलेल्यांसाठी पाच तपासण्या आहेत: रक्तदाब, साखर, तोंड आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुख. पहिल्या दोन का, हे कुणाला सांगायला नको. तंबाखू मळून खाणाऱ्या मुलखात तोंड उघडून पाहण्याबद्दलही वाद नाही. वाद आहे तो पाचव्या रकान्यात, म्हणजे गर्भाशयमुखाच्या.

काही त्रास नसलेल्या माणसाने वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवून यावे, हा विचार लंडनमध्ये १८६१ साली मांडला गेला. पुढे अमेरिकेत आयुर्विम्याच्या धंद्याने तो उचलून धरला. कुठल्या आजारासाठी धडधाकट लोक तपासावेत याचे दहा निकष १९६८ मध्ये छापून आले. १९७९ मध्ये कॅनडातल्या एका गटाने तर सरसकट वार्षिक तपासणी बंद करा आणि वय, लिंग व जोखीम बघून मोजक्याच चाचण्या करा, असे स्पष्ट सांगितले. आज फुल बॉडी चेकअपची पॅकेजे विकणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आपल्याकडचा गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत सगळ्यालाच 'तपासणी' म्हणतात. अंगावरून रक्त जाते म्हणून आलेल्या बाईची तपासणी आणि काहीही होत नसताना शिबिरात झालेली तपासणी, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीला निदान हवे, तेही लगेच. दुसरी म्हणजे नुसती चाळणी. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. पण 'चाळणी' हा शब्द कागदावरच राहिला, ओपीडीत तो कुणी वापरत नाही. त्यामुळे 'पांढरा डाग दिसला' एवढे ऐकून घर हादरते, आणि खरोखर रक्तस्राव होत असलेल्या बाईला पुढच्या शिबिराची तारीख मिळते.

आता मूळ मुद्दा. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावागावांतून नोंदी आल्या तेव्हा बायकांमध्ये सगळ्यात जास्त कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा निघाला. पॅपची चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर तपासणे, तेव्हाही जुनीच होती. पण काचपट्टी रंगवायची, ती वाचणारा माणूस हवा, अहवाल यायला दिवस लागणार आणि तोवर बाई शेतात गेलेली. गावपातळीवर काय चालेल, हा खरा प्रश्न होता.

तो सोडवायला १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू झाले. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका आणि चार वाटण्या. एकीत हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी, दुसरीत पॅप, तिसरीत व्हीआयए, म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा पट्टा उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथीत चाचणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी. निकाल २००९ मध्ये आले. चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या, एचपीव्हीच्या गटात ३४. ही घट आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनंतरची. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यू थोडे कमी दिसले, पण आकडेशास्त्राच्या हिशेबात तो फरक टिकला नाही.

असे असूनही २०१६ मध्ये देशपातळीवर तीन कॅन्सरांच्या तपासणीचा आराखडा आला तेव्हा गर्भाशयमुखासाठी व्हीआयए निवडली गेली. निवडणाऱ्यांकडे आधार नव्हता असे नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्येच छापून आले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी व्हीआयए केली, तिथली घट ३१ टक्के. तो अहवाल २०१४ चा. शिवाय उत्तर तिथल्या तिथे मिळते, यंत्र लागत नाही, खर्च नगण्य. एचपीव्हीचे किट तेव्हा महाग होते आणि प्रयोगशाळांचे जाळे नव्हते, हेही खरे.

पण मुंबईत ही चाचणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत झाली होती. कार्यक्रमात अंतर ठरले पाच वर्षांचे. म्हणजे आधार मुंबईचा घेतला आणि तिथले वेळापत्रक तेवढे सोडून दिले. दुसरी अडचण शरीराची. पाळी गेल्यावर जिथे पाहायचे तो भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीनंतर व्हीआयए भरवशाची राहत नाही. तक्त्यात मात्र ती ६५ पर्यंत आहे. आणि पांढरेपणा किती म्हणजे पॉझिटिव्ह, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरते. प्रकल्पात त्या नजरेवर देखरेख असते. उपकेंद्रात ती कोण ठेवणार?

चौथ्या गटाबद्दलही लिहायला हवे. उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगल मिळून चाचणीविना ठेवलेल्या बायका १,३८,६२४, आणि त्यांच्यातले या कॅन्सरचे मृत्यू अडीचशेच्या वर. पॅप परिणामकारक आहे हे जगाला आधीच ठाऊक असताना असा गट का ठेवला, हा सवाल देशात आणि बाहेरही विचारला गेला. उत्तर असे मिळाले की या बायकांना एरवीही काहीच मिळत नव्हते आणि तुलनेशिवाय सरकार पैसा सोडत नाही. या उत्तराचा पूर्वार्ध खरा आहे, म्हणूनच तो खटकतो. आणि ज्या तुलनेसाठी हे सगळे झाले, तिच्यातला सगळ्यात ठळक निष्कर्ष धोरणात आलाच नाही.

बाकीची चौकट त्याआधीची. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये १०० जिल्ह्यांत सुरू झाला. पुढे आशाताई घरोघरी जाऊन जोखमीचा फॉर्म भरू लागल्या: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला इतिहास. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचे. गल्लीतला खासगी डॉक्टर या रचनेत जवळपास नाहीच. तापासाठी आलेल्याचा रक्तदाब तो जाता जाता पाहतो, साखरही लिहून देतो. पाचव्या रकान्यासाठी टेबल, आडोसा, आत पाहायचे स्पेक्युलम आणि बाई मदतनीस लागते, म्हणून चिठ्ठी दिली जाते आणि ती चिठ्ठी पर्समध्ये राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के होत्या.

उस्मानाबादचे निकाल छापून आल्यावर १२ वर्षांनी, २०२१ मध्ये, जागतिक शिफारस बदलली: पहिली चाचणी एचपीव्हीची, तिशीपासून, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल. २०२३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाचे नाव बदलले, नवी मार्गदर्शिका आली. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव झाले. मार्गदर्शिकेच्या पाचव्या रकान्यात व्हीआयएच आहे, दर पाच वर्षांनी.