पॅनेलचं नाव कोणाचं? युनियन निवडणुकांमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मोठ्या युनियनची मतपत्रिका हातात आली की त्यावरची निम्म्याहून अधिक नावं सामान्य सभासदाने कधी ऐकलेलीही नसतात. अध्यक्ष ओळखीचा असतो, फार तर सरचिटणीस. बाकीच्या जागांसाठी तो पॅनेलचं नाव बघतो आणि शिक्का मारतो. म्हणूनच दोन गटांनी मिळतीजुळती नावं घेतली, किंवा एक गट फुटून दोन्ही तुकड्यांनी जुन्याच नावावर हक्क सांगितला, तर त्या भांडणाला क्षुल्लक म्हणता येत नाही. मत चुकीच्या माणसाला जाऊ शकतं.

खुद्द संघटनेच्या नावाचा प्रश्न कायद्याने फार लवकर मिटवला. ब्रिटनच्या १८७१ च्या ट्रेड युनियन कायद्यातच तरतूद होती की आधी नोंदलेल्या युनियनशी सारखं, किंवा सभासदांची अथवा जनतेची फसगत होईल इतकं जवळचं नाव नोंदता येणार नाही. भारताच्या १९२६ च्या कायद्यानेही तीच कसोटी घेतली. पण युनियनच्या आत निवडणूक लढवणाऱ्या गटांचं काय? तिथे निबंधकाकडे नोंदणी नाही आणि नावावर कायदेशीर मालकीही नाही.

अमेरिकेत इंटरनॅशनल टायपोग्राफिकल युनियन या छापखाना कामगारांच्या संघटनेत विसाव्या शतकात प्रोग्रेसिव्ह आणि इंडिपेंडंट असे दोन पक्ष अनेक दशकं एकमेकांविरुद्ध लढत राहिले आणि सत्ता आलटून पालटून त्यांच्याकडे जात राहिली. नावं टिकाऊ असल्याने सभासदाला नावावरून धोरण कळायचं. हा मात्र अपवाद होता. बहुतेक मोठ्या युनियनमध्ये एकच सत्ताधारी गट असे आणि विरोधकांना दर निवडणुकीला नवं नाव शोधून ते लोकांच्या तोंडी रुळवावं लागे.

१९५९ साली अमेरिकी काँग्रेसने लँड्रम-ग्रिफिन कायदा केला. गुप्त मतदान, उमेदवारांना समान वागणूक, युनियनचा पैसा कोणाच्याही प्रचारासाठी न वापरण्याचं बंधन, हे सगळं त्यात आलं. पॅनेलच्या नावांबद्दल त्यात काही नाही. तरीही नावाच्या वादात आज जे युक्तिवाद होतात, ते याच तरतुदींवर उभे असतात. सत्ताधारी गटाने आपल्या पॅनेलच्या नावात युनियनचं अधिकृत नाव किंवा बोधचिन्ह असं गुंफलं की तोच ‘अधिकृत’ गट वाटावा, तर विरोधक समान वागणुकीचा मुद्दा काढतात. उलट विरोधकांनी युनियनचं नाव वापरलं, तर ते सभासद म्हणून आपल्या अभिव्यक्तीच्या हक्काकडे बोट दाखवतात. माझ्या मते युनियनचं नाव सगळ्याच सभासदांचं आहे. ते वापरण्याची मुभा द्यायची तर दोन्ही बाजूंना द्यावी, नाहीतर कोणालाच देऊ नये.

नावात किती जीव असतो, हे खाण कामगारांनी दाखवलं. १९६९ च्या डिसेंबरमध्ये युनायटेड माइन वर्कर्स या अमेरिकी खाण कामगार युनियनच्या निवडणुकीत तेव्हाचे अध्यक्ष टोनी बॉयल यांच्याविरुद्ध जोसेफ याब्लॉन्स्की हरले आणि ३१ डिसेंबरला त्यांची, त्यांच्या पत्नीची आणि मुलीची हत्या झाली. त्यानंतर ‘मायनर्स फॉर डेमोक्रसी’ हा गट उभा राहिला. न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि १९७२ च्या फेरनिवडणुकीत याच नावाखाली लढलेले अर्नोल्ड मिलर निवडून आले. त्या तीन शब्दांमागे लोकांनी मोजलेली किंमत होती. असं नाव उद्या दुसऱ्या कोणी उचललं, तर ती निव्वळ शब्दांची चोरी ठरणार नाही.

टीमस्टर्स या अमेरिकेतल्या ट्रकचालक आणि वाहतूक कामगारांच्या युनियनमध्ये १९८९ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर वरिष्ठ पदाधिकारी थेट सभासदांच्या मतांनी निवडले जाऊ लागले. १९९१ ची अशी पहिली निवडणूक रॉन कॅरी यांनी जिंकली. या निवडणुकांवर स्वतंत्र देखरेख आली, आणि हरकती सत्ताधाऱ्यांनीच नेमलेल्या समितीऐवजी बाहेरच्या अधिकाऱ्यापुढे जाऊ लागल्या. पुढे इथेच नावाने वेगळंच वळण घेतलं. २०१६ मध्ये फ्रेड झुकरमन यांचं ‘टीमस्टर्स युनायटेड’ पॅनेल तेव्हाचे अध्यक्ष जेम्स हॉफा यांच्या गटाविरुद्ध थोडक्यात हरलं. त्या वेळी शॉन ओब्रायन हॉफांच्या पॅनेलवर होते. २०२१ मध्ये ओब्रायन आणि झुकरमन एकत्र आले आणि ‘टीमस्टर्स युनायटेड’ याच नावाने जिंकले. इथे दोघांचं जुळलं होतं. जुळलं नसतं, तर ते नाव कोणाकडे राहिलं असतं? २०१६ ला ज्यांनी ते घरोघरी पोचवलं त्यांच्याकडे, की पाच वर्षांनी अर्ज आधी भरला त्यांच्याकडे?

‘आधी येईल त्याला नाव’ हा नियम सोपा आहे, म्हणून निवडणूक समित्यांना तो आवडतो. पण एकट्या त्या नियमावर विसंबलं, तर प्रतिस्पर्ध्याचं रुळलेलं नाव सकाळी लवकर येऊन अडवता येतं. आधीचा वापर, पॅनेलमधल्या सर्व उमेदवारांच्या सह्या आणि सभासदांची गफलत होण्याची शक्यता, हे तिन्ही एकत्र पाहिलं तरच न्याय होतो. गफलतीची कसोटी तर १८७१ पासून तयार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. कॅलहून विरुद्ध हार्वी या १९६४ च्या निकालापासून अमेरिकेत निवडणुकीचे बहुतेक वाद मतदानाआधी सभासदाला थेट न्यायालयात नेता येत नाहीत. त्याने आधी युनियनमध्ये दाद मागायची, तीन महिन्यांत निकाल लागला नाही किंवा तो विरोधात गेला तर पुढच्या एका महिन्यात श्रम खात्याकडे तक्रार करायची. निवडणूक रद्द व्हायला उल्लंघनामुळे निकालावर परिणाम झाला असण्याची शक्यता दिसावी लागते. किती जण नावाला फसले, हे मतपेट्या उघडल्यावर कोण कसं दाखवणार? मतदान तर गुप्त असतं. म्हणून नावावरची हरकत मतपत्रिका छपाईला जाण्याआधीच ऐकली गेली पाहिजे, आणि ऐकणारा माणूस कोणत्याही पॅनेलचा नको.

श्रम खात्याच्या नियमांत सभासदासाठी एक आधार आहे. पॅनेलनुसार मतदान चालतं, पण मतपत्रिकेवर स्वतंत्र उमेदवार निवडण्याची सोय हवी, आणि पूर्ण पॅनेललाच मत देण्याची सक्ती नाही हे सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलेलं असावं.