लिबटूल: शेअर्ड लायब्ररी बनवणारी ती भलीमोठी स्क्रिप्ट आली कुठून

सी मधलं कुठलंही जरा जुनं पॅकेज सोर्समधून बिल्ड करायला घ्या, स्क्रीनवर लिबटूल, लिबटूल असं सरकतच राहतं. एक साधी फाईल कंपाइल करायची असते, पण ही बया तीच फाईल दोनदा कंपाइल करते, एकदा मेमरीत कुठेही चालणाऱ्या कोडचा, म्हणजे पिकचा, फ्लॅग लावून .लिब्स नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये आणि एकदा तो फ्लॅग न लावता बाहेर, आणि वर .एलओ नावाची एक चिमुकली टेक्स्ट फाईल टाकून जाते ज्यात फक्त "खऱ्या ऑब्जेक्ट फाईली (कंपाइल झालेला कोड) इथे इथे आहेत" एवढंच लिहिलेलं असतं. आजच्या लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला शेअर्डचा फ्लॅग दिला की एका ओळीत .एसओ, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती शेअर्ड लायब्ररी, तयार होते, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटणारच. पण ही स्क्रिप्ट जेव्हा लिहिली गेली तेव्हा ती एक ओळ प्रत्येक मशीनवर वेगळी होती आणि काही मशीनवर तर एका ओळीत भागतच नव्हतं.

थोडं मागून सुरू करूया. चालू प्रोग्रामला गरज पडेल तेव्हा दुसरा कोड जोडायचा ही कल्पना मल्टिक्स या युनिक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९६० च्या दशकातच होती. युनिक्सने ते ओझं घेतलं नाही. तिथे एआर नावाची कमांड, ऑब्जेक्ट फाईली एका .ए फाईलमध्ये बांधायच्या, आणि लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) त्यातलं लागेल तेवढं उचलून प्रोग्राममध्ये कॉपी करणार. सोपं आणि भक्कम, पुढे कितीतरी वर्षं याच्यावर मस्त चाललं. एआर तर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून आहे आणि आजही स्टॅटिक लायब्ररी त्यानेच बनते.

गडबड झाली १९८० च्या दशकात, खिडक्यांवाले प्रोग्राम आले तेव्हा. एक्स विंडोच्या लायब्रऱ्या मोठ्या, आणि घड्याळ दाखवणारा चिल्लर प्रोग्रामसुद्धा त्यांच्यातल्या बऱ्याच कोडची कॉपी पोटात घेऊन फिरायचा, म्हणजे डिस्कवर दहा कॉप्या आणि दहा प्रोग्राम चालू असतील तर मेमरीतही दहा, आणि रॅम तेव्हा मोजकी काही एमबी.

एटी अँड टीने आपल्या युनिक्सच्या सिस्टीम फाइव्ह रिलीज थ्रीमध्ये यावर जो उपाय काढला तो आज वाचला तरी डोकं धरावं लागतं. प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला मेमरीतला एक ठरलेला पत्ता द्यायचा, कायमचा. ती बनवायला एमकेएसएचलिब नावाची कमांड होती आणि तिला एक स्पेसिफिकेशन फाईल लिहून द्यावी लागायची, त्यात लायब्ररीचा पत्ता लिहायचा, खाली कुठल्या ऑब्जेक्ट फाईली ते लिहायचं, आणि मध्ये एक ब्रांच टेबल, म्हणजे कुठलं फंक्शन कितव्या नंबरला. एकदा दिलेला नंबर बदलायचा नाही, नवीन फंक्शन आलं की शेवटी जोडायचं, नाहीतर आधी लिंक केलेले प्रोग्राम भलत्याच जागी उडी मारणार. आणि दोन लायब्रऱ्यांनी एकच पत्ता घेतला की संपलंच. सुरुवातीच्या लिनक्सवर, प्रोग्राम फाईलींच्या जुन्या ए डॉट आउट फॉरमॅटच्या काळात, जवळपास हीच पद्धत होती. कुठल्या लायब्ररीने कुठला पत्ता घ्यायचा याची यादी सांभाळायला लागायची, त्यामुळे सर्वसाधारण प्रोग्रामरने स्वतःची शेअर्ड लायब्ररी बनवायची हा प्रकार फारसा नव्हताच.

खरा बदल सन या कंपनीने केला. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये लायब्ररी कुठल्याही पत्त्यावर चढवता येईल अशी सोय आली. त्यासाठी कंपायलरनेच असा कोड काढायचा की जो स्वतःचा पत्ता गृहीत धरत नाही (हाच तो पिक, पोझिशन इंडिपेंडंट कोड), लायब्ररीची फाईल एममॅप या सिस्टीम कॉलने मेमरीत चढवायची, आणि प्रोग्राम सुरू होताना एलडी.एसओ नावाच्या छोट्या लोडरने नावं आणि पत्ते जुळवून द्यायचे. लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची हे सांगणारा एलडी लायब्ररी पाथ, ज्याने आजही लोक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात, तोही तिथलाच. पुढे सिस्टीम फाइव्ह रिलीज फोरमध्ये हे सगळं ईएलएफ या नव्या फाईल फॉरमॅटमध्ये नीट बसवलं गेलं आणि १९९५ च्या आसपास लिनक्सही ए डॉट आउट सोडून ईएलएफवर आलं.

म्हणजे कल्पना सगळ्यांना पटली, पण प्रत्येक कंपनीने ती आपापल्या पद्धतीने केली. पिक कोड हवा तर जीसीसीला एफपिक, सोलॅरिसच्या (सनचं पुढचं युनिक्स) कंपायलरला केपिक, एचपीच्या कंपायलरला अधिकचं चिन्ह आणि झेड, आणि एआयएक्सवर (आयबीएमचं युनिक्स) काहीच नाही कारण तिथला सगळा कोड आधीच तसा. लायब्ररी जोडायची तर सोलॅरिसवर कॅपिटल जी, एचपी-यूएक्सवर लिंकरला बी, आणि एआयएक्सवर कुठली नावं बाहेर दिसू द्यायची त्याची वेगळी एक्स्पोर्ट फाईल बनवून द्या. तयार फाईलचं नाव कुठे .एसओ, एचपीकडे .एसएल, विंडोजवर .डीएलएल आणि सोबत इंपोर्ट लायब्ररी, मॅकवर पुढे .डायलिब आलं आणि तिथे प्लगइनसाठी बंडल हा प्रकार परत वेगळा. एआयएक्सवर तर शेअर्ड ऑब्जेक्ट चक्क .ए फाईलच्या पोटात ठेवायची रीत, म्हणजे नावावरून स्टॅटिक का शेअर्ड काही कळायला मार्ग नाही. लिबटूलच्या कोडमध्ये आजही एक कॉमेंट आहे की एचपी-यूएक्सवर लायब्ररीच्या फाईलचं परमिशन ५५५ नसेल तर सगळं फारच हळू चालतं, म्हणून इन्स्टॉल झाल्यावर ते बदलायची कमांड तिथेच ठेवून दिलीये. असल्या गोष्टी कुठल्या मॅन्युअलच्या कुठल्या पानावर असतील देव जाणे, कुणीतरी आधी त्यात पोळलेलं असतं तेव्हाच कळतात.

मग पॅकेज लिहिणारे काय करायचे? ज्यांना अगदीच गरज ते स्वतःचं शोधून काढायचे. टीसीएल या भाषेच्या कॉन्फिगरमध्ये (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) प्रत्येक सिस्टीमसाठी लिंक करायची कमांड वेगळी लिहिलेली एक लांबलचक यादी होती, पर्लकडे हिंट्स नावाचं फोल्डर आणि त्यात एकेका सिस्टीमची एकेक फाईल, पायथॉनकडे खास एआयएक्ससाठी वेगळी स्क्रिप्ट. तीच माहिती तीन ठिकाणी तीन प्रकारे. बाकीचे सरळ स्टॅटिक .ए द्यायचे आणि विषय सोडून द्यायचे. अशा कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवून देणारं ऑटोकॉन्फ १९९१ पासून होतं, पण ते "या मशीनवर अमुक फंक्शन आहे का" असले प्रश्न सोडवायचं, लायब्ररी कशी बांधायची याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

ते उत्तर १९९६ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट याने लिहायला घेतलं, ग्नू प्रोजेक्टसाठी, आणि लिहिलं शेल स्क्रिप्टमध्ये. आज यावर लोक हसतात. पण विचार करा, ज्या मशीनवर अजून काहीच इन्स्टॉल नाही, कंपायलर कंपनीचा, ग्नू मेकसुद्धा नाही, तिथे हमखास सापडणारी एकच गोष्ट म्हणजे बॉर्न शेल. सी मध्ये लिहिलं असतं तर लिबटूल आधी बिल्ड करावं लागलं असतं आणि पर्लमध्ये लिहिलं असतं तर पर्ल. माझ्या मते त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता.

कल्पना अशी की प्रोग्रामरने एकच कमांड शिकायची. नेहमीची कंपाइलची ओळ लिहायची, तिच्या पुढे लिबटूल आणि मोड कंपाइल लावायचं, झाली .एलओ. लिंकच्या ओळीपुढे मोड लिंक, झाली .एलए. इन्स्टॉलला मोड इन्स्टॉल. मशीनवर काय चालतं हे कॉन्फिगर आधीच तपासून ठेवतं आणि ती सगळी उत्तरं एलटीमेन नावाच्या मोठ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर चिकटवून त्या पॅकेजपुरतं, त्या मशीनपुरतं एक खास लिबटूल तयार करतं. एलटीमेन पुढे वाढत वाढत ११,००० ओळींच्या वर गेली. आता प्रत्येक फाईल कंपाइल करताना एवढी स्क्रिप्ट शेलने वाचायची म्हटल्यावर बिल्ड हळू होणार हे उघडच आहे, आणि नुसतं त्यासाठी लोकांनी सुटसुटीत पर्यायी स्क्रिप्टाही लिहिल्या.

यात सगळ्यात जास्त चुकीची वापरली गेलेली गोष्ट म्हणजे व्हर्जन इन्फो. तीन आकडे द्यायचे, करंट, रिव्हिजन, एज. लोक तिथे पॅकेजचा रिलीज नंबर ठोकून देतात आणि मॅन्युअलमध्ये नेमकं हेच करू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय. करंट म्हणजे इंटरफेसचा चालू नंबर, रिव्हिजन म्हणजे त्याच इंटरफेसची कितवी दुरुस्ती, आणि एज म्हणजे मागचे किती इंटरफेस अजून चालतात. फक्त आतला कोड बदलला तर रिव्हिजन एकने वाढवा. नवीन फंक्शन घातलं पण जुनं काही मोडलं नाही तर करंट आणि एज दोन्ही वाढवा, रिव्हिजन शून्य. जुनं काही काढलं तर करंट वाढवा आणि एज शून्यावर आणा. आता ३:२:१ दिलं तर लिनक्सवर फाईल होते .एसओ.२.१.२, कारण पहिला आकडा करंट वजा एज, मग एज, मग रिव्हिजन. तेच ओपनबीएसडीवर .एसओ.३.२ होतं. लोक चक्रावतात की मी तीन लिहिलं तर दोन कुठून आलं, पण प्रत्येक सिस्टीमचा नंबर द्यायचा नियम वेगळा होता म्हणूनच तर लिबटूलने मधला एक स्वतःचा हिशोब काढला.

आणि हे नंबर नीट सांभाळायचं कारणही तसंच आहे. मार्च २००२ मध्ये झेडलिब या डेटा कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा बग जाहीर झाला. ज्यांनी शेअर्ड झेडलिब वापरली होती त्यांनी एक फाईल बदलली, प्रोग्राम परत सुरू केले, झालं काम. पण कितीतरी प्रोग्रामनी झेडलिब स्वतःच्या पोटात कॉपी केलेली होती, ते एकेक शोधून परत बिल्ड करावे लागले.

लिबटूलने स्वतःही डोकेदुखी दिली, ते नाकारण्यात अर्थ नाही. बिल्ड फोल्डरमधला प्रोग्राम डीबगरमध्ये उघडायला गेलं की डीबगर म्हणतो ही एक्झिक्युटेबल फाईलच नाही, कारण तिथे असते एक शेल स्क्रिप्ट जी लायब्ररीचे रस्ते लावून .लिब्स मधला खरा प्रोग्राम चालवते, डीबगरलाही लिबटूलच्या मोड एक्झिक्यूटमधून चालवावं लागतं. पण सगळ्यात वैताग .एलए फाईलींचा. प्रत्येक लायब्ररीसोबत एक टेक्स्ट फाईल, तिच्यात त्या लायब्ररीला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी, त्यांना लागणाऱ्याही. ज्या सिस्टीमवर शेअर्ड लायब्ररीला स्वतःच्या गरजा माहीत नसतात तिथे हे लागतंच. ईएलएफमध्ये ती माहिती लायब्ररीतच असते, त्यामुळे लिनक्सवर ही यादी फुकटचं लचांड झाली. प्रोग्रामला ज्या लायब्ररीशी थेट देणंघेणं नाही तीही त्याला चिकटायची, मग तिचा नंबर बदलला की सगळं परत बिल्ड करा. आणि एक .एलए उडवली की तिचं नाव घेणारी दुसरी .एलए बिल्ड मोडायची. जेंटू या लिनक्स डिस्ट्रोवाल्यांना तर त्या दुरुस्त करायला वेगळी स्क्रिप्ट ठेवावी लागली, आणि बऱ्याच डिस्ट्रोंनी शेवटी पॅकेजमधून .एलए काढून टाकणं किंवा आतली यादी रिकामी करणं हेच धोरण ठरवलं.

दरम्यान ज्यांच्यासाठी हे बनलं त्या सिस्टीम एकेक करून गेल्या. आयरिक्स गेलं, ट्रू६४ गेलं, एचपी-यूएक्स कोपऱ्यात. उरलेल्यांपैकी बहुतेक ईएलएफवर, आणि मॅक, विंडोजचं सीमेक आणि मेसॉन या नव्या बिल्ड टूल्सनाही येतं. (मॅकवर लिबटूल टाईप केलं तर भलतीच कमांड चालते, ॲपलची स्वतःची त्याच नावाची, म्हणून होमब्रू या पॅकेज मॅनेजरमध्ये ग्नूवालीला पुढे जी लावून ग्लिबटूल म्हणतात.) लिबटूलचं २.४.६ व्हर्जन २०१५ मध्ये आलं आणि २.४.७ यायला २०२२ उजाडलं, यावरून काय ते समजा. तरी ते मेलेलं नाही, २०२४ मध्ये २.५ मालिका आली.

ज्यांनी लिबटूल सोडलं त्यांनाही त्याचा हिशोब सोडता आलेला नाही, कारण नंबर बदलला तर आधीचे प्रोग्राम मोडतील. जीलिब ही लायब्ररी ऑटोटूल्स (ऑटोकॉन्फ, लिबटूल वगैरे) सोडून मेसॉनवर गेली, पण तिच्या मेसॉनच्या फाईलमध्ये आधीच्या लिबटूल नंबरांशी सुसंगत राहायचंय अशी कॉमेंट टाकून ती वजाबाकी हाताने लिहिलेली आहे, आणि मॅकसाठी त्या आकड्यात एक मिळवलाय, कारण तिथल्या लिंकरला शून्य चालत नाही म्हणून लिबटूल गुपचूप एक मिळवायचं.