व्हेक्टर आरेखनातील गुंफण

एकच आकार एका जागी शेजारच्या आकारावरून आणि दुसऱ्या जागी त्याच्याच खालून गेलेला दिसावा, अशा रचनेला गुंफण म्हणतात. ऑलिंपिकची पाच कडी, तीन पेडांची वेणी, चटईची वीण, केल्टिक गाठी ही तिची ओळखीची रूपे. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ, इंकस्केप यांसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे चित्र ठिपक्यांऐवजी रेघा आणि आकारांच्या रूपात साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती काढायला बसले की दिसते त्यापेक्षा बरीच चिवट निघते. दोष काढणाऱ्याच्या हाताचा नसतो. अडचण सॉफ्टवेअरच्या मुळातच आहे.

व्हेक्टर चित्रातल्या वस्तू उतरंडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. आधीची वस्तू आधी रंगवली जाते, नंतरची तिच्यावर चढते. २००१ साली प्रमाण ठरलेले एसव्हीजी हे व्हेक्टर चित्रांच्या फाइलचे स्वरूपही याच रीतीने चालते. त्यामुळे प्रत्येक वस्तूला अख्ख्या चित्रात मिळून एकच जागा मिळते : ती दुसरीच्या वर तरी असते नाहीतर खाली. गोव्यात शिमग्याला गोफ नाचतात, तेव्हा नाचणारा एकाच्या आतून आणि पुढच्याच्या बाहेरून जातो, आणि दोरीची वर-खाली दर पावलाला नव्याने ठरते. व्हेक्टर फाइल मात्र हा प्रश्न एकदाच विचारते.

अडचणीचे प्रकार दोन आहेत आणि ते वेगळे ओळखलेले बरे. पहिल्यात भांडण दोघांतच असते. एकमेकांत अडकलेल्या दोन कड्यांचे दोन छेद होतात, एका छेदावर हे वर, दुसऱ्यावर ते. दुसऱ्या प्रकारात कोणतीही जोडी घेतली तर वर कोण ते स्पष्ट असते, पण तिघांचे मिळून चक्र होते : अ हा ब वर, ब हा क वर आणि क पुन्हा अ वर. पुठ्ठ्याचे खोके चिकटपट्टीशिवाय बंद करताना चारही झडपा एकमेकींखाली खोचतात, तिथे हेच घडते. इटलीतील बोरोमेओ घराण्याच्या चिन्हामुळे नाव पडलेली बोरोमियन कडी हे याचे प्रसिद्ध उदाहरण. तीन कडी, सहा छेद, तरी कोणतीही दोन एकमेकांत अडकलेली नाहीत. एक काढले की उरलेली दोन सुटतात.

सगळ्यात जुनी आणि अजूनही भरवशाची युक्ती ठिगळाची. ऑलिंपिकची कडी घ्या. वर निळे, काळे, लाल. खाली पिवळे, हिरवे. एकमेकांना छेदणाऱ्या चार जोड्या, प्रत्येकीचे दोन छेद, एकूण आठ. कडी उतरंडीत कुठल्याही क्रमाने ठेवली तरी प्रत्येक जोडीचा एक छेद आपोआप बरोबर येतो आणि एक चुकतो. म्हणजे ठिगळे आठ नव्हेत, चारच लागतात. (बोरोमियन कड्यांना तर दोनच पुरतात.) दबलेल्या कड्याची प्रत जागच्या जागी काढायची, ती सगळ्यांच्या वर आणायची आणि चुकलेल्या छेदापुरती ठेवून बाकीची क्लिपिंग मास्कने (ठरावीक आकाराबाहेरचा भाग लपवणाऱ्या सोयीने) झाकायची. कोरलमध्ये हे काम पॉवरक्लिपने होते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे डीटीपीवाले बहुधा इंटरसेक्टने नेमका छेदाएवढा तुकडा काढतात, आणि तिथेच फसतात.

कारण हा नेमकेपणाच घातक असतो. कडा गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर काठावरच्या पिक्सेलमध्ये रंग अंशतः भरते. वरच्या कड्याने असा पिक्सेल निम्मा व्यापला असेल, तर त्यावर तेवढेच निम्मे ठिगळ चढवल्यावर वरच्या कड्याचा २५ टक्के रंग शिल्लक राहतो आणि पडद्यावर केसासारखी रेघ उमटते. उपाय साधा आहे : ठिगळ छेदापेक्षा दोन्ही बाजूंना थोडे मोठे ठेवावे. रंग अर्धपारदर्शक असेल तर मात्र ठिगळ चालत नाही, कारण ५० टक्क्यांवर पुन्हा ५० टक्के चढून ७५ टक्के होतात आणि जोड उठून दिसतो. अशा वेळी खालून जाणारी वस्तूच तेवढ्या जागी कापावी लागते. कापायची वस्तू नुसती जाड रेघ असेल तर आधी तिचे भरीव आकारात रूपांतर करून घ्यावे. नाहीतर काप तिरका हवा तिथे काटकोनात बसतो.

एकच रेघ स्वतःला छेदत असेल, तर वर-खाली हा प्रश्न सॉफ्टवेअरला पडतच नाही. संपूर्ण रेघ एका झटक्यात रंगते. तीन छेदांची साधी गाठ काढायची तर रेघ जिथे जिथे खालून जाते तिथे तोडून तिचे तीन तुकडे करायचे. गाठींचे गणित करणारे लोक कागदावर गाठ अशीच, खालची रेघ तुटलेली दाखवून काढतात. इथे भूमितीची एक कृपा आहे. रेघ कितीही वेडीवाकडी असो, ती बंद असेल आणि प्रत्येक छेदावर दोनच पदर येत असतील, तर कुठूनही सुरुवात करून वर, खाली, वर, खाली असे करत गेल्यास शेवटी कधीच विसंगती येत नाही. एकाच छेदावर पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा पोहोचण्याच्या मध्ये लागणारे छेद नेहमी सम संख्येने असतात, म्हणून हे जमते. ठिपक्यांभोवती फिरणाऱ्या तमिळ कोलमच्या एका अखंड रेघेला दोरीचे रूप देता येते ते यामुळेच.

आता तयार साधनेही आहेत. इंकस्केपमधील नॉट हा पाथ इफेक्ट (मूळ रेघ न बदलता तिचे दिसणे बदलणारी सोय) खालच्या पदरात फट पाडतो आणि प्रत्येक छेदाची वर-खाली बदलू देतो. इलस्ट्रेटरमध्ये २०१० साली एकमेकांवर आलेल्या आकारांचे तुकडे जोडणारे-काढणारे शेप बिल्डर आले आणि २०२२ साली इंटरट्वाइन, ज्यात छेदाभोवती माउसने वेढा काढला की क्रम उलटतो. या साधनांचा खरा फायदा वेगाचा नाही. मूळ आकार शाबूत राहतो, त्यामुळे नंतर दुरुस्ती करता येते. हाताने लावलेले ठिगळ कडे हलवले की मागे राहते. पण चित्र एसव्हीजीत जायचे, तर गुंफण शेवटी तुकड्यांत किंवा मास्कमध्येच उतरवावी लागते.

छेदापाशी ठेवलेल्या फटीने वर-खाली अधिक ठळक होते, आणि फट ठेवावी की नाही यावर मते बदलत आली आहेत. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिएर द कुबेर्तँ यांनी १९१३ साली योजलेली ऑलिंपिकची कडी सलग गुंफलेली होती. १९८६ साली अधिकृत आवृत्तीत छेदांपाशी पांढऱ्या फटी आल्या, आणि २०१० साली त्या काढून चिन्ह पुन्हा मूळ रूपात आणले गेले.